कोर्टाने नुकसानभरपाई द्यायला सांगितलीय, पण पैसे हातात येतात कसे?

बांधकरी: नमस्कार मंडळी. 2019 ला शेताच्या बांधावरून माझ्या धाकट्या भावावर कोयत्याने वार झालेले, उजव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत. सेशन कोर्टात आरोपीला शिक्षा लागली, 60 हजार दंड आणि त्यातले 50 हजार भावाला द्यायचे असा हुकूम आहे. आरोपी हायकोर्टात गेलाय आणि गावात सांगत फिरतोय की दंडाऐवजी जेल भोगेन पण यांना एक रुपया देणार नाही. असं करता येतं का? ऑपरेशनचं कर्ज अजून फिटायचंय म्हणून विचारतोय.

वकीलदादा_सातारा: नाही करता येत. दंड भरला नाही म्हणून जादा कैद भोगली की एरवी वसुली सहसा थांबते, पण दंडातून जखमीला भरपाई द्यायचा हुकूम असेल तर कैद भोगूनही रक्कम वसूल करता येते, सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये हे स्पष्ट केलंय. वसुलीसाठी कोर्ट जंगम मालमत्तेवर जप्तीचं वॉरंट काढतं नाहीतर कलेक्टरला लिहितं, मग जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, सातबारा असलेल्या माणसाला याचीच धास्ती असते.
अडचण वेगळीच आहे. जुन्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम 357 (1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, 395, मजकूर जवळपास तोच) सांगतं की अपील झालं असेल तर निकाल लागेपर्यंत दंडातली रक्कम द्यायची नाही. त्यामुळे आधी हायकोर्टाची ऑर्डर मिळवा, शिक्षा स्थगित करताना दंड भरायची अट घातलीय का ते बघा. भरला असेल तर पैसे कोर्टात जमा आहेत, फक्त थांबावं लागेल.

माणदेशी_ताई: पन्नास हजारात हाताचं काय होतंय हो. पीडितासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून सरकारी भरपाई असते, जुन्या सीआरपीसीच्या 357अ खाली, आता बीएनएसएसच्या 396 खाली, ती वेगळी, आरोपीच्या खिशाशी तिचा संबंध नाही, कोर्टाने दिलेली भरपाई पुनर्वसनाला पुरेशी नाही असं ट्रायल कोर्टाला वाटलं तर ते तशी शिफारस करू शकतं, आरोपी सापडलाच नाही तर पीडित स्वतः अर्ज करू शकतो. बलात्कार आणि अॅसिड हल्ल्यासाठी आपल्याकडे मनोधैर्य योजना आहे. लोकांना हे कुणी सांगतच नाही याचा फार राग येतो मला!

वकीलदादा_सातारा: ताई बरोबर बोलल्या. अजून एक, भरपाई कमी वाटली तर पीडिताला स्वतः अपील करता येतं, पण मुदत बघून लगेच हलायला हवं. आणि ज्यांच्या केसेस अजून चालू आहेत त्यांनी शिक्षेच्या युक्तिवादाआधीच सरकारी वकिलांच्या हातात दवाखान्याची बिलं आणि बुडालेल्या मजुरीचा हिशोब द्या. अंकुश गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र, 2013, यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की प्रत्येक फौजदारी केसमध्ये कोर्टाने भरपाईचा विचार केलाच पाहिजे, दिली नाही तर का नाही ते लिहिलं पाहिजे. कागदच समोर नसतील तर जज आकडा कुठून आणणार?

बांधकरी: खूप आभार. निकालाची नक्कल आहे, हायकोर्टाची ऑर्डर नाही, ती काढतो. आणि विधी सेवा प्राधिकरणात सोमवारी भावाला घेऊनच जातो, बिलं सगळी जपून ठेवलीत त्याच्या बायकोने.