संत, सेंट आणि 'संतपद बहाल' : काय लिहावं?

एका माहितीपटाचं भाषांतर करतेय, कॅथलिक चर्चवरचा आहे. त्यात पोपनी एका जोगिणीला 'कॅननाइज' केलं असं वाक्य आलं, मी डोळे मिटून 'संतपद बहाल केलं' लिहून मोकळी झाले. २०१६ मधे मदर तेरेसांच्या वेळी असंच काहीतरी वाचल्याचं डोक्यात होतं. ड्राफ्ट एका कॅथलिक मैत्रिणीला दाखवला तर ती म्हणे पोप कुणाला संत करत नाहीत गं. मग काय करतात?? पुढच्याच ओळीत 'संतांची पूजा' होतं, त्याच्यावरही तिने काट मारली. आणि तिला कारण विचारलं तर 'तसं नसतं' एवढंच. जाणकारांनी प्रकाश टाका प्लीज, सोमवारी फाइल द्यायचीय.

प्रतिसाद :
यात काय एवढं, सेंट म्हणजेच संत. शब्द एकच आहे, आपल्याकडून तिकडे गेलेला.

प्रतिसाद :
नाही हो, हा गैरसमज फार जुना आणि फार गोड आहे पण गैरसमजच. आपला संत आला 'सत्' वरून, अस् म्हणजे असणे या धातूपासून. संस्कृतात 'सन्तः' हे बहुवचन, मराठीत त्याचं एकवचन झालं. सेंट आला लॅटिन 'सांक्तुस' वरून, त्याच्यामागे 'सांकिरे' हे क्रियापद, म्हणजे एखादी गोष्ट पवित्र म्हणून वेगळी काढणे, पक्की करणे. बँकेत लोन 'सँक्शन' होतं ना, ते याच घराण्यातलं. म्हणजे आपला संत हा 'असण्याशी' जोडलेला आणि त्यांचा सेंट 'वेगळं काढण्याशी'. सारखं ऐकू येणं हा निव्वळ योगायोग, पण भाषांतर करणाऱ्यांना आयता मिळाला आणि त्यांनी तो सोडला नाही, मीही सोडला नसता.

आता अर्थाचं बघा. आपण तुकोबांना संत म्हणतो तेव्हा ते कसे जगले, काय बोलले, काय गायले याबद्दल बोलत असतो. कुणी कमिटी बसवली नव्हती, लोकांनी म्हटलं आणि झालं. कॅथलिक चर्च जेव्हा अधिकृतपणे एखाद्याला संत म्हणतं तेव्हा त्याच्या जगण्याची छाननी होतेच, पण शेवटी जे विधान केलं जातं ते तो माणूस आत्ता कुठे आहे याबद्दल असतं, की तो नक्की स्वर्गात, देवाच्या सान्निध्यात आहे. म्हणून तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे. स्वर्गात कुणाला घ्यायचं हे पोपच्या हातात नाहीच, ते फक्त जाहीर करतात. 'बहाल' म्हटलं की पद्मश्री दिल्यासारखं वाटतं. १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण तर मुद्दाम ज्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत अशा संतांचाही असतो, म्हणजे घोषणा न होताही संत असतातच.

प्रतिसाद :
'कॅननाइज' मधला कॅनन म्हणजे काय मग? तोफ तर नसेल :)

प्रतिसाद :
तोफेचा कॅनन वेगळा. हा ग्रीक 'कानोन', सरळ काठी, मोजायची पट्टी. त्यावरून नियम, त्यावरून यादी. संत घोषित करताना पोप लॅटिनमधे जे सूत्र म्हणतात त्यात संतांच्या यादीत नाव नोंदवतो असे शब्दच आहेत. बायबलमधे कुठली पुस्तकं धरायची त्या यादीलाही कॅननच म्हणतात, आणि चर्चच्या कायद्यालाही. गंमत म्हणजे हाच शब्द अरबीत 'कानून' झाला आणि फारसीतून आपल्याकडे आला, मराठेशाहीतल्या कागदांमधला 'कानूजाबता' आठवा. म्हणजे सेंट आपला नाही पण कॅनन मात्र थोडाफार आपला आहे!

आणि ही यादी सुरुवातीपासून पोपकडे नव्हती. पहिली हजारेक वर्षं बहुतेक ठिकाणी लोक कबरीपाशी जमायचे, स्थानिक बिशप मान्यता द्यायचे. पोपनी अधिकृतपणे घोषित केल्याचं पहिलं लेखी उदाहरण ९९३ सालचं, आउग्सबुर्गचे बिशप उलरिख. मग १२३४ मधे हा अधिकार फक्त पोपचा असं कायद्यात आलं. वेळेचं काही गणित नाही, पादुआचे अँथनी १२३१ मधे वारले आणि वर्षाच्या आत संत घोषित झाले, जोन ऑफ आर्कला १४३१ मधे जाळलं आणि घोषणा व्हायला १९२० उजाडलं.

धागाकर्ती :
भारीच. म्हणजे 'संत म्हणून घोषित केलं' चालेल. पण पूजेचं काय? मूर्ती आहे, मेणबत्ती आहे, हार आहे, मग पूजा नाही तर काय म्हणायचं त्याला?

प्रतिसाद :
इथे खरी अडचण आपल्या शब्दाची आहे. मराठीत पूजा देवाची, गुरूची, शस्त्रांची, वहीची, नव्या गाडीची सुद्धा. एकच शब्द सगळीकडे चालतो आणि आपलं त्यात काही अडत नाही. कॅथलिक शिकवणीत मात्र याचे सरळ दोन कप्पे आहेत. 'लात्रिया' म्हणजे जी फक्त देवालाच, आणि 'दुलिया' म्हणजे संतांना दिला जाणारा मान. येशूची आई मारिया हिच्यासाठी 'हायपरदुलिया', मान सगळ्यात जास्त पण कप्पा मानाचाच. प्रतिमांबाबत हाच फरक ७८७ साली नायसिया इथे भरलेल्या चर्चच्या दुसऱ्या परिषदेत ठरवून सांगितला, की प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याच्याकडे जातो. तेव्हा देवासाठी 'आराधना' आणि संतांसाठी 'सन्मान' किंवा 'आदर' लिहा. 'भक्ती' मधोमध लोंबकळते, मी ती टाळेन.

जुन्या लॅटिन लितानीत (एकेक नाव घेऊन म्हणायच्या प्रार्थनेत) तर हे व्याकरणातच दिसतं. देवाचं नाव घेतलं की पुढे 'मिसेरेरे नोबिस', आमच्यावर दया कर. संताचं नाव घेतलं की 'ओरा प्रो नोबिस', आमच्यासाठी प्रार्थना कर. संताकडे मागतात ती प्रार्थनाच, वस्तू नव्हे. निदान शिकवण अशी आहे, हरवलेली किल्ली सापडावी म्हणून अँथनीला हाक मारणारा माणूस त्या क्षणी एवढा विचार करत असेल असं नाही.

प्रतिसाद :
शब्दाचे खेळ आहेत सगळे. मी प्रोटेस्टंट घरातला. प्रेषित पौलाने बायबलमधल्या पत्रांमधे संत म्हणून जिवंत माणसांनाच हाक मारलीय, मराठी बायबलमधे त्याला 'पवित्र जन' म्हटलंय. करिंथ गावच्या ख्रिस्ती लोकांना पवित्र म्हणतो आणि त्याच पत्रात त्यांना भांडणांवरून झापतो पण! आणि पहिले तीमथ्य २:५ मधे मध्यस्थ एकच सांगितलाय, ख्रिस्त. मेलेल्यांना प्रार्थना करायला सांगितलेलं एक वचन दाखवा.

प्रतिसाद :
दादा, पौलाबद्दल शंभर टक्के सहमत, ग्रीकमधे 'हागिओइ', म्हणजे पवित्र लोक, असाच शब्द आहे आणि कॅथलिक चर्चही तो जुना अर्थ नाकारत नाही. म्हणून मला 'पवित्र जन' आणि 'संत' असे दोन शब्द मराठीत आहेत हे सोयीचंच वाटतं, इतक्या भाषांना ते जमलेलं नाही.

वचनाचं म्हणाल तर कॅथलिक बाजूने बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं प्रकटीकरण ५:८ दाखवतात, तिथे पवित्र जनांच्या प्रार्थना सोन्याच्या वाट्यांमधून देवापुढे आणल्या जातात. आणि मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात १५ व्या अध्यायात, केव्हाच वारलेला यिर्मया संदेष्टा लोकांसाठी प्रार्थना करताना दिसतो. पण ते पुस्तक तुमच्या बायबलच्या ६६ पुस्तकांमधे नाहीच, कॅथलिकांच्या ७३ मधे आहे. १५४६ मधे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने ती यादी पक्की केली. म्हणजे वाद संतांवरून सुरू झाला आणि परत कॅननवरच आला, यादीत कोण यावरच. तो इथे मिटणार नाही, पण मध्यस्थ शब्दाबद्दल तुमचा मुद्दा धागाकर्तीने जरूर घ्यावा. तो मराठी बायबलमधे ख्रिस्तासाठी वापरलाय, संतांना लावला की उगाच गोंधळ.

धागाकर्ती :
अरे बापरे, स्क्रिप्टमधे तर 'संतांच्या मध्यस्थीने' तीनदा आलंय. बदलून काय करू, रदबदली?

प्रतिसाद :
अर्थाने चपखल आहे पण रदबदलीला कचेरीचा वास येतो, साहेबांची बदली रद्द करून घेतल्यासारखा. वशिला तर नकोच.

प्रतिसाद :
'शब्द टाकणे' कसं वाटतं? संत आपल्यासाठी देवाकडे शब्द टाकतात. बोलीभाषेतलं आहे, निवेदनात चालत असेल तर मला हेच आवडेल, कारण देणारा देवच राहतो. चमत्काराचंही तसंच, 'संताने चमत्कार केला' असं लिहू नका. त्यांच्या दृष्टीने करतो देव, संताकडे प्रार्थना केल्यावर तो झाला हा पुरावा धरतात. एक मान्य झाला की 'धन्य' (संताच्या आधीची पायरी), त्यानंतरचा दुसरा झाला की 'संत', रक्तसाक्ष्याला, म्हणजे श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्याला, धन्य व्हायला चमत्काराची अट नाही.

आणि जाताजाता, स्क्रिप्टमधे 'निष्कलंक गर्भसंभव' आलं तर सांभाळून. तो येशूच्या जन्माबद्दल नाही, मारिया तिच्या आईच्या पोटात आली तेव्हापासूनच आदिपापाच्या (माणूस जन्मतःच घेऊन येतो त्या पापाच्या) डागाविना होती असा सिद्धांत आहे, १८५४ चा. यात भलेभले फसतात.

धागाकर्ती :
आलंय!! आणि मी 'कुमारीच्या पोटी जन्म' केलंय. थांबा, बदलते.

तर सध्या असं केलंय: 'पोपनी त्यांचं नाव संतांच्या यादीत नोंदवलं' आणि 'श्रद्धाळू त्यांना आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगतात'. 'शब्द टाकणे' एका ठिकाणी ठेवलंय, निवेदक जरा घरगुती आवाजाचा आहे म्हणून. 'धन्य' मात्र अजून खुपतंय, 'धन्य घोषित केलं' ऐकलं की कुणीतरी टोमणा मारतंय असं वाटतं. कुणाला काही सुचलं तर रविवारपर्यंत सांगा.