मदत हवी आहे : व्हॉल्व्ह (निर्वात नळी) ट्रान्समीटरचा सूर मोर्स-की दाबताच घसरतो

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना आहे. १९२० च्या दशकातल्या पद्धतीचा मोर्स ट्रान्समीटर ४० मीटरच्या रेडिओ बँडसाठी बांधतोय. आधी एकाच व्हॉल्व्हचा हार्टली ऑसिलेटर (रेडिओ लहरी तयार करणारं सर्किट) थेट अँटेनाला जोडला होता. वाऱ्याने तार हलली तरी फ्रिक्वेन्सी हलायची. की दाबताच अ‍ॅनोडचा व्होल्टेज ३०० वरून २६० वर यायचा, आणि सरळ ‘टूं’ऐवजी ‘ट्युईं’ ऐकू यायचं.

म्हणून आता वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावलाय आणि ऑसिलेटरला गॅस ट्यूबने १५० व्होल्ट स्थिर दिलेत. सूर झकास आला! पण ऑसिलेटर सतत चालू ठेवला तर त्याचाच आवाज माझ्या रिसीव्हरमध्ये घुसतो, समोरच्याचं काहीच ऐकू येत नाही. दोन्हीला एकत्र की लावली की घसरण परत हजर.

ऑसिलेटर क्षणभर आधी सुरू होईल आणि अ‍ॅम्प्लिफायरनंतरच बंद होईल, असं कुणी जमवलंय का? ग्रिड बायसने (व्हॉल्व्हच्या ग्रिडला ऋण व्होल्टेज देऊन तो बंद ठेवून) की रिलेने?

क्वार्ट्झ स्फटिकाने फ्रिक्वेन्सी पक्की करायचा उपाय माहीत आहे, पिअर्सचं सर्किट १९२३ पासूनचं. पण मला फ्रिक्वेन्सी फिरवता यायला हवी.

शिवाय इथल्या उन्हाळ्यात कॉईल तापून फ्रिक्वेन्सी हळूहळू सरकते. त्यासाठी हवे असलेले, उष्णतेने फारसे न बदलणारे सिल्व्हर मायका कपॅसिटर नव्या पेठेत मिळाले नाहीत, पुण्या-मुंबईत कुठे मिळतील?