मोडीतलं मृत्यूचं रजिस्टर उतरवताना 'नकुसा' लिहायचं की सुधारायचं?

कासवाली_मावशी:
मंडळी नमस्कार. मी पोस्टातून निवृत्त झाले, साताऱ्यात असते. मोडीचा वर्ग केला आणि त्याच वर्गातल्या आम्ही आठ जणांनी जावळीतल्या एका गावचा जुना गाव नमुना 14 देवनागरीत उतरवायला घेतला. म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर. नकला रीतसर अर्ज करून काढल्यात, पैसे कुणालाच नाहीत, चहा आपापला. डोळे बरे असले तर दिवसाला माझी चार पानं होतात.

गेल्या आठवड्यात भानगड झाली. मृत्यूच्या पानावर एक मुलगी, वय 3, नाव नकुसा, म्हणजे नकोशी. दोन पानं उलटली तर परत नकुसा, वेगळ्या घरातली, वय दीड. मला कसंसंच झालं. 2011 साली आपल्याच जिल्ह्यात 285 नकुशांची नावं बदलली होती, तो कार्यक्रम आठवला. मी दोन्हीकडे 'नाव नाही' असं टाकलं आणि पुढच्या पानांनाही तेच धोरण ठेवलं.

मग 1918 आलं. ऑक्टोबरच्या पानावर पहिल्या ओळीत कारण 'ताप' आणि त्याखाली तळापर्यंत नुसतं सदर, सदर, सदर. ही मानमोडीची साथ, शेंबडं पोरही सांगेल. मी तिथे 'इन्फ्लुएंझा' भरलं. गटातल्या एका दादांनी पान तपासलं आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही रजिस्टर उतरवताय की लिहिताय?"

राग आला. झोपही लागली नाही. दादांचं बरोबर आहे का? आणि असेल तर 'नकुसा' तसंच ठेवायचं का?

मिरज_जंक्शन:
मावशी, दादांचं बरोबर आहे.

मी रात्री जेवण झाल्यावर तासभर फ्रीबीएमडीचं काम करतो. इंग्लंड-वेल्सच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या सरकारी नोंदींची सूची उतरवायचं हे काम 1998 पासून चालू आहे, सगळे स्वयंसेवक. नोंदी जुलै 1837 पासूनच्या. पहिला नियम, दिसतंय तसंच टाइप करा. सूचीत चूक ढळढळीत दिसत असली तरी ती चूकच टाइप करायची. अक्षर लागलं नाही तर त्या जागी खालची रेघ, बरीचशी लागली नाहीत तर तारा, दोनांपैकी एक वाटलं तर चौकोनी कंसात दोन्ही. अंदाज लपवायचा नाही, अंदाज आहे हे दिसू द्यायचं. शिवाय जमेल तिथे एकच पान दोघांकडून वेगवेगळं उतरवून घेतात. फरक पडला की मूळ पान परत उघडायचं.

मलाही आधी हा हट्ट वाटायचा. मग कळलं की तिथल्या सूचीत तिमाही असते ती नोंदणीची, जन्माची नव्हे. बाळाची नोंद करायला 42 दिवसांची मुदत, त्यामुळे डिसेंबरचं पोर मार्चच्या तिमाहीत सापडतं. मी शहाणपणा करून तिमाही 'सुधारली' असती तर ते पोर कुणालाच सापडलं नसतं.

वाई_घाट:
असहमत. ते इंग्लंड आहे हो. इथे अजून घरं तीच आहेत, आडनावं तीच आहेत. उद्या यादी नेटवर गेली की कुणाच्या तरी पणजीची बहीण 'नकुसा' म्हणून गावभर होणार. मावशींना वाईट वाटलं यात चूक काय? जिवंत माणसांचंही बघा जरा.

कृष्णाकाठ_कराड:
वाईकर, यादी कुणाला दाखवायची हा प्रश्न वेगळा, यादीत काय लिहायचं हा वेगळा. पहिल्यावर तुमच्याशी भांडण नाही.

पण मावशी, 'नाव नाही' लिहून तुम्ही दुसराच घोळ घातलाय. जन्माच्या पानावर 'मुलगी, नाव नाही' हे खरंच लिहिलेलं असतं, कारण नोंद बारशाच्या आधीच व्हायची. आता त्या बिनबारशाच्या मुली आणि तुमच्या या दोघी एका गठ्ठ्यात गेल्या. एकीला नाव मिळालंच नव्हतं, दुसरीला मिळालं आणि ते असं मिळालं. या दोन गोष्टी एक कशा?

तापाचंही तसंच. कारण सांगणारा घरचा माणूस, लिहिणारा गावकामगार, डॉक्टर कुठे होता? त्यांनी ताप म्हटलं. साथ मानमोडीची होती हे मान्य, पण त्या पानावर हिवतापाचा एखादा नसेलच कशावरून? शेऱ्याचा रकाना वाढवा, तिथे 'बहुधा मानमोडी' लिहा, खाली तुमचं नाव घाला.

आणखी एक. मोडीत इकार-उकार ऱ्हस्व-दीर्घ कळत नाहीत, शब्द तोडलेले नसतात. तिथे तुम्हाला ठरवावंच लागतं, ते ठीक. पण 'बिन' आणि 'कोम' यांना हात लावू नका. आमच्या गटात एकाने 'सखू कोम बापू' याचं 'सखू बापू' केलं. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. या रजिस्टरात लग्नाचा रकानाच नाही, बाईचं लग्न झालं होतं हे तिच्या मरणाच्या नोंदीतल्या त्या दोन अक्षरांत तेवढं उरतं.

कासवाली_मावशी:
कोमचं वाचलं आणि घाईने मागची पानं उघडली. ते मात्र शाबूत आहेत, देवाची कृपा.

इन्फ्लुएंझा काढला, परत 'ताप' केला. नकुसाही परत घातल्या. दोन म्हणता म्हणता पाच निघाल्या. पंचाईत अशी की एक्सेलमध्ये मी मूळ शब्द कुठेच ठेवला नव्हता, त्यामुळे 'नाव नाही' असलेली प्रत्येक ओळ फोटोशी ताडून बघावी लागली. तीन संध्याकाळी गेल्या. वाईकर, यादी नेटवर टाकायची की नाही ते रविवारी आठही जणांत ठरवू. माझं मत सध्या तुमच्या बाजूला आहे.

एक ओळ अजून अडलीय. पान 63, वय 4, नाव 'काशी' की 'कासु', शेवटच्या अक्षरावरच शाई पसरलीय. माझं मन काशी म्हणतंय.

कृष्णाकाठ_कराड:
मन राहू द्या. फोटो टाका.