मलिद्याचं ताट मांडू दिलं म्हणजे बरोबरी झाली का?

नवगावची: परवा इथे एकाने लिहिलं, "इस्रायलमध्ये जगभरातून ज्यू आले आणि एक झाले. रंग नाही, जात नाही. आपले बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू बघा, तिकडेही मलिद्याचा नैवेद्य करतात." तीन दिवस गप्प बसले, आता लिहितेच.

माझे आजी-आजोबा 1961ला मुंबईहून गेले. आजोबा कारकून होते. रात्री ट्रकमध्ये बसवलं, सकाळी बघतात तर दिमोना, वाळवंटातलं नवं गाव, चहूकडे वाळू. सूतगिरणीत लागले ते तिथूनच निवृत्त झाले. मलिदा आमच्या घरात कधी चुकला नाही. गोड पोहे, खोबरं, फळं, एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव. त्याला कुणाचीच आडकाठी नव्हती. आडकाठी आली मावशीच्या लग्नात. मुलगा इराकी ज्यू घरातला. मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या 1962च्या फर्मानाप्रमाणे बेने इस्रायलींचं कूळ तपासायचं होतं. नोंदणी करणाऱ्याने विचारलं, तुझ्या आईची आई कोण, तिची आई कोण, ज्यू कशावरून? पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवला म्हणून ज्यांना गाव 'शनिवार तेली' म्हणायचं, त्यांना हा प्रश्न!

तेलघाणा: ताई, माझे वडीलही त्याच सुमारास गेले, म्हणून बोलतो. 1948ला तिथे साडेसहा लाख ज्यू होते, साडेतीन वर्षांत दुप्पट झाले. घरं आणायची कुठून? रुमानियाचे लोकही तंबूतच राहिले. वडिलांनी रडगाणं गायलं नाही. रात्री हिब्रू शिकले, वायरमन झाले. माझी वहिनी मोरोक्कन घरातली आहे. पुतण्यांना हा वाद कळतसुद्धा नाही. लग्नांनी मिटत आलेलं तुम्ही उकरताय.

दक्षिणवारा: तंबू सगळ्यांनाच होता, पण आधी बाहेर कोण पडलं? ज्याचा काका-मामा कचेरीत होता तो. युरोपवाल्यांच्या ओळखी होत्या. मोरोक्को, येमेन, कोकणवाल्यांच्या नव्हत्या. मग तंबूंच्या जागी गावं उभी राहिली आणि तिथल्या शाळांनी पोरांना हातकामाकडे वळवलं. बापाची गिरणी मुलाच्या वाट्याला आली. हैफातल्या वादी सालिब वस्तीत मोरोक्कन ज्यूंचा उद्रेक 1959चा, जेरुसलेमातल्या अशाच तरुणांची 'ब्लॅक पँथर्स' चळवळ 1971ची. 1977ला सत्तेतला मजूर पक्ष पडून उजव्या लिकुडचे बेगिन आले, त्यात याच लोकांची मतं होती. हे सगळे उगाचच चिडले होते?

तेलघाणा: एक मान्य करतो. इथिओपियन ज्यूंनी दिलेलं रक्त फेकून देत होते, हे 1996ला उघड झालं. ते पापच होतं. पण आपण इथिओपियन नाही.

नवगावची: हे शेवटचं वाक्य स्वतः परत वाचा. मावशीकडे बघून तो नोंदणीवाला मनात वेगळं काय म्हणत असेल?

उभाकोकण: मूळ दुखणं तुम्ही बोलतच नाही. तुमची मुलं मराठी बोलत नाहीत! 1989नंतर दहा लाख रशियन गेले, त्यांनी पाट्या, वर्तमानपत्रं सगळं रशियनमध्ये ठेवलं. तुम्हाला का नाही जमलं?

तेलघाणा: दहा लाखांत भाषा टिकते. आम्ही मूठभर, तेही विखुरलेले. घरी बसून उपदेश सोपा असतो.

उभाकोकण: उपदेश नाही, जीव तुटतो म्हणून विचारलं. आईने घरात बोलायला कुणाची परवानगी लागते?

नवगावची: इथे मी तेलघाणांच्या बाजूने आहे, नाइलाजाने. आईचं नाव बाईंनी वर्गात पहिल्याच दिवशी बदललं. शकुंतला गेली, शोशाना आली. आजीच म्हणायची, बाहेर मराठी नको, पोरं हसतात. तीच आजी शेवटच्या आजारात हिब्रू विसरली. "पाणी दे गं," म्हणत होती. नर्सला कळेना आणि मलाही कळायला वेळ लागला. जीव तुमचाच तुटतो असं नाही.

उभाकोकण: शब्द मागे घेतो. पण पुढच्या पिढीला अजून शिकवता येईल, हे म्हणणं सोडत नाही.

दक्षिणवारा: भाषेवर एवढं बोललात तर अरब नागरिकही धरा. लोकसंख्येचा पाचवा हिस्सा. 1966पर्यंत लष्करी अंमलाखाली होते, आणि 2018च्या कायद्याने अरबीचा राजभाषेचा दर्जाही गेला.

तेलघाणा: तो विषय इथे नको. भाऊ लष्कराच्या राखीव दलात आहे, मला त्यावर शांतपणे बोलता येत नाही.

दक्षिणवारा: तुमची काळजी समजते. पण आपल्या वरच्यांनी आपल्याला काय केलं एवढंच सांगायचं आणि आपल्या खालच्यांपाशी थांबायचं, हे मला जमणार नाही.

तेलघाणा: थांबा म्हटलं ना! ताई, मावशीच्या लग्नाचं सांगा. 1964ला क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने ठराव केला होता, बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत म्हणून. मग मिटलं की.

नवगावची: आपली माणसं जेरुसलेमात भर उन्हाळ्यात धरणं धरून बसली, तेव्हा तो ठराव झाला. नंतर फर्मानातलं 'बेने इस्रायल' काढून 'ज्यांच्या कुळाबद्दल शंका आहे' असं घातलं. म्हणजे शंका घेणारे तेच राहिले. लग्न 1965ला झालं. त्यासाठी पेणच्या मशिदीतून, आमच्याकडे सिनेगॉगला, ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणत, मावशीच्या आजीच्या केतुब्याची, म्हणजे लग्नाच्या करारपत्राची नक्कल मागवली होती. मावशी आता ऐंशीच्या पुढे आहे. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात पासपोर्टखाली असतो. गेल्या वर्षी नातीचं लग्न ठरलं, तर पेढ्याआधी तिने तो बाहेर काढून ठेवला.