हंगेरीची वाईन म्हणजे फक्त गोड टोकाय?

बुडापेस्टकर
हंगेरीची वाईन म्हटलं की आपल्या लोकांची गाडी टोकाय भागातल्या ‘ऑसू’ या गोड वाईनवर येऊन थांबते. इथे आलेले पाहुणे तेवढी एक गोड बाटली घेऊन परततात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्या फुरमिंट द्राक्षाची ऑसू होते, त्याचीच कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाईन प्या की! टोकायमधल्या माद गावचे वाईन बनवणारे इश्तवान सेप्शी यांनी एकट्या ऊराद्या मळ्यातल्या फुरमिंटची २००० सालची कोरडी वाईन काढली, तेव्हापासून या द्राक्षाकडे बघण्याची नजरच बदलली. शोम्लो या विझलेल्या ज्वालामुखीच्या टेकडीवरचं युहफार्क हे पांढरं द्राक्षही तसंच. पहिल्या घोटाला आंबटपणा दातांना झोंबतो, मग धुरकट, किंचित खारट चव जिभेच्या कडेला रेंगाळत राहते. माझं स्पष्ट मत आहे: हंगेरीची खरी ओळख कोरड्या वाईनमध्ये आहे.

मधुघट
साफ अमान्य. आंबटसर, खनिज चवीची कोरडी पांढरी वाईन फ्रान्सचं शाब्ली देतं, ऑस्ट्रिया देतो, जर्मनीचं रीस्लिंग देतं. ऑसू दुसरीकडे कुठे मिळते? बोद्रोग आणि तिसा नद्यांच्या संगमावरचं शरदातलं धुकं, मग दुपारचं ऊन, त्यातून मण्यांवर धरणारी बोट्रायटिस बुरशी. सुकलेला एकेक मणी हाताने खुडायचा, ते मणी रसात किंवा नव्या वाईनमध्ये भिजत घालायचे, मग दाबून रस काढायचा. फ्रान्सच्या सोतेर्नमध्येही हीच बुरशी असते, पण तिथे द्राक्षं थेट दाबतात. भिजवण्याची रीत टोकायची. सहा पुत्तोन्योशच्या (हे ऑसूच्या गोडीचं माप) ऑसूत लिटरला किमान १५० ग्रॅम साखर असते, तरी ती चिकट लागत नाही, कारण फुरमिंटचा आंबटपणा तिला पेलून धरतो. हे सोडून कोरडी वाईन ‘खरी ओळख’?

बुडापेस्टकर
तो आंबटपणा फुरमिंटचाच, हे तुम्हीच मान्य केलंत. मग साखर बाजूला ठेवून ते द्राक्ष ओळखायला हरकत काय? शिवाय बुरशी दरवर्षी हवी तशी धरत नाही. त्या वर्षी बागायतदाराने काय करायचं? ऑसू जेवणाच्या शेवटी छोट्या पेल्यात घ्यायची. कोरडं फुरमिंट अख्ख्या जेवणाला साथ देतं.

लालमाती
दोघेही पांढऱ्यातच अडकलात. आणि हंगेरीची ओळख म्हणजे तिथलंच द्राक्ष असं धरून ‘देशी द्राक्ष’ या शब्दाला फार भाळू नका. केकफ्रान्कोश हे लाल वाईनचं द्राक्ष हंगेरीत भरपूर लावतात, पण ऑस्ट्रियात तेच ब्लाउफ्रँकिश. कादार्का हे दुसरं लाल वाईनचं द्राक्ष बल्गेरियात गाम्झा नावाने पिकतं. उलट हंगेरीच्या विलान्य भागात फ्रान्सचं काबर्ने फ्रां हे द्राक्ष इतकं रुजलंय की माझ्या मते हंगेरीची सर्वांत दमदार लाल वाईन तीच. द्राक्ष कुठून आलं यापेक्षा ते कुठे फुललं हे बघावं.

रानजाई
लालमाती, तुमचा मुद्दा काबर्नेपुरता बरोबर आहे. पण कादार्काला त्याच मापाने मोजू नका. पातळ सालीचं, उशिरा पिकणारं, लवकर सडणारं हे द्राक्ष. समाजवादी काळात भरघोस उत्पादन हवं होतं, म्हणून ते मागे पडलं. आता सेकसार्द भागात काही जण कमी पीक घेऊन ते जपतात. त्याची वाईन फिकट रंगाची, मिरीच्या वासाची, अंगाला हलकी. दमदारपणा शोधाल तर तिच्यावर अन्याय कराल. बादाचोन्य भागातलं केकन्येलू हे पांढरं द्राक्ष तर त्याहून नाजूक. त्याच्या फुलांना स्वतःचा परागकण कामाचा नसतो, शेजारी बुदाई झ्योल्द या दुसऱ्या जातीच्या वेली लावाव्या लागतात. फुलोऱ्याच्या दिवसांत पाऊस आला की घड विरळ. एवढा खटाटोप कुणी करतंय, तर त्याची बाटली आपण विकत घेतली पाहिजे.

मधुघट
केकन्येलूचा मुद्दा पटला. पण दुर्मीळ आहे, जपायला अवघड आहे, म्हणून ते चवीलाही थोर, हे मी मान्य करणार नाही. कोरडं फुरमिंटही बऱ्याचदा ओक लाकडाच्या नव्या पिंपात ठेवून त्या लाकडाच्या चवीत बुडवून टाकतात, मग द्राक्षाची चव राहते कुठे?

बुडापेस्टकर
नव्या ओकबद्दल शंभर टक्के सहमत, तशा बाटल्या मीही टाळतो. पण एक विनंती. चांगलं फुरमिंट फ्रीजमधून काढून लगेच पिऊ नका, फार गार असलं की फक्त आंबट लागतं. बारा अंशांच्या आसपास येऊ द्या, मोठ्या पेल्यात ओता, अर्धा तास थांबा. नाशपती, मग ओल्या दगडासारखा वास वर येतो. त्यानंतरही ऑसूच थोर म्हणालात तर मी ऐकून घेईन, मान्य मात्र करणार नाही.