उजेड पडल्यावर डोळ्यातील पेशी गप्प का होते?

खाडीकाठचा मास्तर:
मी अलिबाग तालुक्यातील एका शाळेत विज्ञान शिकवतो. उजेड दृष्टिपटलातील दंडाकार पेशीवर पडला की तिच्यात विद्युत संदेश निर्माण होतो आणि तो दृष्टिचेतेवाटे मेंदूकडे जातो, असे मी दरवर्षी सांगत आलो. परवा पदवीच्या एका पुस्तकात नेमके उलटे वाचले: अंधारात या पेशीचा विद्युतदाब उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास असतो आणि उजेडात तो उणे ७० कडे उतरतो, म्हणजे पेशी शांत होते. शांत झालेली पेशी संदेश देते तरी कसा? शिवाय, ज्याचे वडील रात्री मासेमारीला जातात अशा एका विद्यार्थ्याने विचारले की, होडीत कोणी तोंडावर बॅटरी मारली तर नंतर बराच वेळ काहीच का दिसत नाही. दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच असावे, असे मला वाटते.

दृष्टीचा अभ्यासक:
सर, पुस्तक बरोबर आहे. आपल्याकडच्या खारबंदिस्तीच्या, म्हणजे खाडीचे खारे पाणी अडवणाऱ्या बांधाला उघाडी (पाण्यासाठीचे झडपेचे दार) असते, ती डोळ्यांसमोर आणा. अंधारात या उघाडीची झडप पाचर मारून उघडी ठेवलेली असते आणि सोडियमचे आयन खाऱ्या पाण्यासारखे पेशीत सतत शिरत असतात. ही पाचर म्हणजे सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू. प्रकाशकण ऱ्होडॉप्सिनवर, म्हणजे या पेशीतील प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनावर, आदळला की त्यातील रेटिनल हा वाकडा रेणू सेकंदाच्या अब्जांशापेक्षाही कमी वेळात सरळ होतो. त्यामुळे ट्रान्सड्युसिन हे प्रथिन जागे होते, ते पाचर तोडणाऱ्या विकराला कामाला लावते आणि शेकडो झडपा बंद होतात. एका प्रकाशकणाचा परिणाम इतका मोठा होतो, तो या साखळीमुळेच.

अंधारात ही पेशी पुढच्या, द्विध्रुवी पेशीवर ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सतत सोडत असते. उजेडात ते कमी होते. द्विध्रुवी पेशींपैकी एका प्रकाराला ग्लुटामेट दाबून ठेवते, त्यामुळे ते घटताच ती पेशी उसळते. म्हणजे गप्प होणे हाच इथे संदेश आहे. खरे चेता-आवेग त्याच्याही पुढे, गुच्छिका पेशींत उमटतात आणि त्यांचेच सुमारे १० लाख तंतू मिळून दृष्टिचेता बनते. आपले शिकवणे चुकीचे नव्हते, फक्त मधल्या दोन पायऱ्या गाळलेल्या होत्या.

बॅटरीचे उत्तरही इथेच आहे. सरळ झालेले रेटिनल पुन्हा वाकडे करण्यासाठी शेजारच्या रंगद्रव्याच्या थरात पाठवावे लागते. प्रखर उजेडात पुष्कळ ऱ्होडॉप्सिन एकदम विरंजित, म्हणजे निकामी, होते आणि ते पुरते भरून यायला ३० ते ४० मिनिटे लागतात. रेटिनल अ जीवनसत्त्वापासून बनते, हे दाखवणाऱ्या जॉर्ज वाल्ड यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो, तो याच कारणाने.

होडीवाला:
आमच्या तांडेलांनी (होडीच्या प्रमुखांनी) शिकवले होते की, लांबचा बारीक दिवा शोधताना त्याच्याकडे थेट पाहू नये, किंचित बाजूला पाहावे. अभ्यासकांनी यावर लिहावे. होडीत आम्ही तांबडा कागद लावलेली बॅटरी वापरतो, मात्र ती बाहेरून दिसू देत नाही, कारण डाव्या बाजूचा नियमाचा दिवाही तांबडाच असतो आणि समोरच्याचा घोटाळा होऊ शकतो.

दृष्टीचा अभ्यासक:
तांडेलांचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध आहे. दृष्टिपटलाच्या मधोमध फक्त भर उजेडात काम करणाऱ्या शंकाकार पेशी असतात, मंद उजेड टिपणाऱ्या दंडाकार पेशी सभोवती असतात. तांबड्या प्रकाशाला दंडाकार पेशी जवळजवळ प्रतिसाद देत नाहीत, म्हणून त्यांचे ऱ्होडॉप्सिन शाबूत राहते.

खाडीकाठचा मास्तर:
उघाडीचा दाखला वर्गात नक्की चालेल. पण झडप मिटल्यावर नवी पाचर कोण मारते?

दृष्टीचा अभ्यासक:
ग्वानिलेट सायक्लेज हे विकर. त्याच झडपांतून कॅल्शियमही आत येत असते. झडपा मिटल्या की पेशीतील कॅल्शियम घटते, आणि ते घटले की हे विकर अधिक वेगाने नव्या पाचरी बनवू लागते.