शब्द हवाय: थांबत थांबत वाचणे

मी पुस्तक फार हळू वाचते, म्हणजे चार पानं झाली की पुस्तक उपडं मांडीवर, समासात पेन्सिलीची एखादी रेघ, मग परत मागच्या पानावर. आळस म्हणून नाही, असंच आवडतं. याला मराठीत नेमका शब्द कुठला? 'मनन' जड वाटतं आणि 'रवंथ' म्हटलं की गोठा डोळ्यापुढे येतो.

*

मनन नाही चालणार. बृहदारण्यक उपनिषदातला क्रम बघा, आधी श्रवण, मग मनन, मग निदिध्यासन, म्हणजे मनन ऐकून झाल्यावरचं. तुमचं तर वाचतावाचताच चाललंय. परिशीलन म्हणा हवं तर, पण त्याला पीएचडीचा वास येतो. आणि रवंथला नावं ठेवू नका हो, संस्कृत 'रोमन्थ'वरून आलेला खानदानी शब्द आहे.

*

पारायण?

*

अहो, पारायण तर बरोब्बर उलट! 'पार' म्हणजे पलीकडचा काठ, तिथे पोचायचं. ज्ञानेश्वरीच्या साधारण ९ हजार ओव्या सप्ताहात ७ दिवसांत संपवायच्या म्हणजे रोज बाराशे-तेराशे झाल्या, आमच्या देवळात शेवटच्या दिवशी काय स्पीड लागतो ते एकदा येऊन ऐका. त्याच ग्रंथाबद्दल 'एक तरी ओवी अनुभवावी' असंही म्हटलंय, नामदेवांच्या नावावरचं आहे ते, आणि ते सप्ताहवालेही मान डोलावून म्हणतात ही गंमत.

पण खुद्द ज्ञानेश्वरांनीच पहिल्या अध्यायात सांगून ठेवलंय. चकोराची पिल्लं शरदाच्या चांदण्यातले कोवळे अमृतकण मवाळ मनाने वेचतात ना, 'तियापरी श्रोतां, अनुभवावी हे कथा, अति हळुवारपण चित्ता आणूनियां'. तिथे श्रोते आहेत, वाचक नाहीत, पण त्या काळी ग्रंथ ऐकलाच जायचा, आणि आपलं 'वाचणे' तरी 'वाचा'च्याच घरातलं. तेव्हा माझं मत 'हळुवार वाचन'ला.

*

हळुवार म्हटलं की भावगीत ऐकू येतं मला, सॉरी. मुळात नाम कशाला शोधताय, मराठीत वाचनाचा वेग जोडीच्या क्रियापदात असतो. 'वाचून टाकलं' म्हणजे एकदाची ब्याद गेली, 'वाचून काढलं' म्हणजे नेट लावून संपवलं, 'फडशा पाडला' तर विचारूच नका. तुमचं ते 'वाचत बसणे'. फक्त आपल्याकडे ते कायम रागावूनच म्हणतात, काय वाचत बसलीयेस, कुकरच्या शिट्ट्या मोजल्यास का!

*

हाहा, हे आमच्या घरातलंच वाक्य. पण 'वाचत बसणे'मध्ये तासन् तास बसणं येतं, मधे थांबणं नाही येत. मला आत्ता आईचा शब्द आठवला, दिवाळी अंक ती 'पुरवून पुरवून' वाचायची, एका दिवशी एकच कथा, मग अंक कपाटात, आम्ही पळवू नये म्हणून. संपू नये म्हणून हळू, हे यात बरोबर येतं. मागच्या पानावर परत जाणं मात्र नाही येत.

*

त्याला आमच्या शाळेतले सर 'घोळवून वाचणे' म्हणायचे, एकच वाक्य दोनतीनदा, मोठ्याने. अजून कोणाकडे म्हणतात का असं? विदर्भ-खानदेशवाल्यांनो, तुमच्याकडे काय म्हणतात?